बिडीभर फट

नत्थूला रूपराव मिस्त्री पहिल्यांदा दिसला तो हायवेच्या मधोमध, कमरेला पंचा, डोक्यावर साबणाचा फेस आणि दोन्ही हात आकाशाकडे, अशा अवस्थेत. साल १९९३, एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा. ठिकाण कारंजा घाडगे. नागपूरहून अमरावतीला जाणारा प्रत्येक ट्रक इथे जेवायला थांबतो, पण ढाब्यावर थांबतो, रस्त्याच्या मध्ये नाही. रूपराव मध्ये थांबला होता. नत्थूने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. मागच्या ट्रकने दिले, त्याच्या मागच्या एस.टी.ने दिले. नत्थूच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर त्या दिवशी एक रांग नागपूरच्या वेशीला टेकली आणि दुसरी तिवशाच्या. रांगेत अडकलेल्या एका नवरदेवाची दाढी मांडवात पोचेपर्यंत छातीवर आली, आणि संत्र्यांच्या एका ट्रकात बियांना जागच्या जागी कोंब फुटले.

“बंद कर बे!” रूपराव ओरडला. “गाडी रडून राह्यली, अन् तू हाकलून राह्यला!”

तो घरामागे आंघोळ करत होता. दुसरा तांब्या डोक्यावर घेणार तोच अर्ध्या मैलावरून त्याच्या कानावर या गाडीचा आवाज पडला. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व जळालाय, एवढं त्याला साबणातूनही ऐकू आलं. मग तांब्या कुठे आणि लाज कुठे! दोन तासांनी हेड उघडून पाहिलं, तर जळालेला व्हॉल्व तिसऱ्याच सिलिंडरचा निघाला.

नत्थूने मनातल्या मनात त्याचे पाय धरले. पाच वर्षांनी याच माणसाच्या हातचं काम आपल्याला गाडीभर माणसांसकट दरीत घालणार अशी त्याची खात्री झाली, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. एवढा कान असलेला माणूस, पण आपलं एक वाक्य ऐकत नव्हता.

गाडी आष्टीच्या अण्णाजींची. अण्णाजी धान्याचे व्यापारी, बाजारात वजन असलेले आणि वजनकाट्यावर तर फारच असलेले. ही गाडी त्यांनी एका जुन्या मालगुजाराच्या गोठ्यातून सोडवली होती. साल १९५१, लांबी दोन बैलगाड्यांची, पुढचे दिवे रागावलेल्या मास्तरच्या डोळ्यांसारखे. बॉनेटवरची कंपनीच्या नावाची अक्षरं कुणीतरी केव्हाच उपटून नेली होती, त्यामुळे नेमकी कोणती गाडी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती अमेरिकेची, एवढं ठाऊक होतं, म्हणून अख्खी आष्टी तिला अमेरिका म्हणे. “अमेरिका धुऊन काढ,” “अमेरिकेत हवा भर,” असे हुकूम नत्थूला दिवसभर सुटत. नत्थू तिचा ड्रायव्हर. चाळिशीला आलेला, किडकिडीत, सावध माणूस. रस्त्यावर गाय दिसली की तिचा विचार बदलेपर्यंत थांबणारा.

अमेरिकेला पेट्रोल फार लागायचं. तेव्हा रूपरावनेच अण्णाजींच्या डोक्यात डिझेल भरलं.

“शेठ, डिझेल इंजिन टाकून देतो. बैलासारखी चालन.”

इंजिनही मिळालं. तळेगावच्या घाटात उलटलेल्या एका टेम्पोचं. टेम्पोतलं कुणी वाचलं नव्हतं, इंजिनाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. अशा इंजिनात एखाद्याला अपशकुन दिसला असता. रूपरावला इंजिनच दिसलं.

अडचण निघाली ती बसवताना. जुन्या इंजिनाचा धूर डाव्या अंगाने जात होता, या इंजिनाचा उजव्या. आणि ड्रायव्हरच्या हातातल्या चाकापासून पुढच्या चाकांकडे जाणारा स्टेअरिंगचा दांडाही उजव्याच अंगाने खाली उतरत होता. इंजिनाला लागून धूर गोळा करणारा जो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ओबडधोबड ठोकळा असतो, तो थेट या दांड्यावर येऊन बसला. दुसरा मिस्त्री असता तर इंजिन परत करून मोकळा झाला असता. रूपरावने ठोकळा फेकून दिला आणि चार दिवस खपून चार नळ्या बनवल्या. प्रत्येक नळीत कोरडी रेती ठासून भरायची, तोंडं बंद करायची, भट्टीत लाल करायची आणि गुडघ्याएवढ्या लाकडाच्या ओंडक्यावर हळूहळू वाकवायची. रेती भरली की नळी चिमत नाही, गोलच्या गोल वळते. चारही नळ्या दांड्याला वळसा घालून खाली एकात मिळत होत्या. त्याला रूपराव पंजा म्हणे. पंजा खरोखर सुंदर होता. अण्णाजींनी बॉनेट उघडं टाकून अर्ध्या बाजाराला तो दाखवला.

तरी शेवटची नळी, पंजाची करंगळी, दांड्याच्या फारच जवळून जात होती. दांड्याभोवतीचं मूळचं लोखंडी नळकांडं चार बोटं कापलं, तेव्हा कुठे जागा झाली. दांडा तेवढा उघडा पडला. रूपरावने खिशातून एक न पेटवलेली बिडी काढली आणि नळी आणि दांडा यांच्यामधून आडवी सरकवली. बिडी अलगद पार झाली.

“बिडी गेली म्हणजे पास,” तो म्हणाला आणि तीच बिडी पेटवली.

रूपरावबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिली गोष्ट अशी, की हायवेवरच्या या नामांकित मिस्त्रीला गाडी चालवता येत नव्हती. चालवणं कसलं, गाडीत बसताही येत नव्हतं. चाकं फिरू लागली की त्याला उलटी होई. स्वतःच्या लग्नाची वरात त्याने बसमागून सायकलवर नेली होती. आयुष्यभर त्याने गाड्या ऐकल्या, हुंगल्या, खालून पाहिल्या, पण चालत्या गाडीचं स्टेअरिंग एकदाही हातात धरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चहा. नागपूरला अकरा वर्षं तो ज्या उस्तादाच्या हाताखाली राबला, त्याचा चेहरा एकदा उकळत्या रेडिएटरने भाजला होता. तेव्हापासून रूपरावचा नेम होता, गरम गाडीला हात लावायचा नाही. गाडी आली की तिला कडुलिंबाखाली उभी करायची, आणि माणसाला खाटेवर. मग त्याची बायको अनुसयाबाई पाण्याचा लोटा घेऊन येई, मग चहा, मग रूपरावचे नागपूरचे किस्से, मग दुसरा चहा. बॉनेट उघडेपर्यंत निदान दीड तास जाई. गाडी गार होई, माणूसही गार होई. अनुसयाबाईच्या चहाला नाही म्हटलेला माणूस कारंजात अजून जन्माला यायचा होता. अण्णाजींना हे सगळं फार आवडे. त्यांनीही एक नेम करून टाकला, लांबच्या गावाला निघायचं तर आधी अमेरिका रूपरावला दाखवायची. आष्टीहून कारंजाला जायचं म्हणजे तळेगावचा घाट ओलांडायचा. जायचं कुठेही असो, वर्धा असो की यवतमाळ, अमेरिका आधी घाट चढे.

पहिल्यांदा ते झालं १९९८ च्या मार्चमध्ये.

गाडीत घरची अकरा माणसं होती. पुढे अण्णाजी आणि दोन पुतणे, मागे अण्णाजींच्या बायको भागीरथाबाई, पोरंबाळं आणि फराळाचे डबे. घाटाच्या तिसऱ्या वळणावर, चढ ऐन भरात असताना, नत्थूने चाक डावीकडे फिरवलं. वळण संपलं, आणि चाक परत येईना.

अडकलं म्हणावं, तर तसं नव्हतं. खाली कुणीतरी बसलंय आणि त्याने दांडा मुठीत धरलाय, तसं ते होतं. नत्थूने जोर लावला. मूठ सुटली नाही. समोर रस्ता उजवीकडे वळत होता आणि गाडी सरळ चालली होती, कठड्याच्या पांढऱ्या दगडांकडे. त्याने घाबरून सगळे पाय उचलले. खालून कट् असा बारीक आवाज आला आणि चाक एकदम हलकं झालं. गाडी वळली. जळक्या ग्रीसचा वास आला आणि गेला. मागे भागीरथाबाई चिवडा वाटत होत्या. कुणाला काही कळलंच नाही.

कारंजाला पोचल्यावर नत्थूने सांगितलं. रूपरावने ऐकून घेतलं. खाट आली, पाणी आलं, चहा आला, उस्तादाच्या चेहऱ्याची गोष्ट आली, दुसरा चहा आला. मग बॉनेट उघडलं. बिडी सरकवली. अलगद पार.

“नत्थू,” रूपराव म्हणाला, “गाडीत काई नाई. तुह्या मनगटात दम नाई.”

अण्णाजी पोट धरून हसले. नत्थूही हसला. हसताना तो बिडीकडे पाहत होता.

एप्रिलमध्ये दोनदा झालं, मेमध्ये आणखी दोनदा. दर वेळी घाटात, दर वेळी चढावर, दर वेळी मुठीची पकड आधीपेक्षा घट्ट. दर वेळी कारंजाला चहा, आणि दर वेळी बिडी पार. मधे एक दिवस अण्णाजींनी त्याला रिकामी गाडी घेऊन घाटात पाठवलं, खात्री करून ये म्हणून. त्या दिवशी चाक लोण्यासारखं फिरलं. अण्णाजी व्यापारी माणूस. त्यांनी लगेच हिशेब जुळवला.

“नत्थ्या, एकटा असला का गाडी नीट. घरचे बसले का बिघडते. काऊन रे? घरच्याइले न्यायचा कंटाळा आला, असं सिद्दं सांग ना!”

ही गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर लोक विचारू लागले, “काय नत्थूभाऊ, आज स्टेअरिंगनं धरलं का सोडलं?” नत्थू मान हलवून पुढे जाई. त्याला आता चाक हातात धरण्याचीच भीती वाटू लागली होती. गाडी पुसतानासुद्धा तो पुढच्या उजव्या अंगाला लांबून फडका मारी, बांधलेल्या पण चावऱ्या कुत्र्याजवळून जावं तसा.

आणि मग केळझर आलं. भागीरथाबाईंनी केळझरच्या गणपतीला नवस बोलला होता. धाकट्या पोरीचा टायफॉईड उतरला, तर सगळं घर दर्शनाला आणीन आणि एकवीस नारळ वाहीन. पोर बरी झाली. येत्या मंगळवारी निघायचं ठरलं. अकरा माणसं, एकवीस नारळ.

“बाई,” नत्थू दाराबाहेरून म्हणाला, “आर्वीवरून जाऊ. वर्धेतून सिद्दा रस्ता हाय केळझरले.”

“शेठले पूस बाप्पा,” भागीरथाबाई म्हणाल्या.

शेठ म्हणाले, “मिस्त्रीले दाखवल्याबिगर लांब न्यायची नाई. घाटातून जाऊ.”

तो शुक्रवार होता. मधे तीन दिवस. नत्थूने नोकरी सोडायचा विचार केला. पण तो सोडून गेला असता तरी मंगळवारी गाडी निघालीच असती. अण्णाजींचा मोठा पुतण्या नुकताच गाडी शिकला होता आणि चाक हातात घ्यायला टपला होता. त्याला ती मूठ माहीत नव्हती. पाय उचलायचे असतात, हेही माहीत नव्हतं. नत्थूच्या डोळ्यांसमोर मागच्या सीटवर बसून चिवडा खाणारी धाकटी पोर आली, आणि त्याचं जेवण तिथेच संपलं.

शनिवारी अण्णाजींना सहा पोती तूर कारंजाच्या दालमिलला धाडायची होती. टेम्पो मिळत नव्हता. नत्थू म्हणाला, मागची सीट काढून मी अमेरिकेतून नेतो. अण्णाजींना वाटलं, आला ताळ्यावर. नत्थूने हमालांना मोजून सहा पोती चढवायला लावली. सहा क्विंटल, म्हणजे अण्णाजी धरून अकरा माणसांचं वजन.

ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर टायरला चिकटून टरटरत होतं. घाटात मुठीने दोनदा धरलं. दुसऱ्यांदा पाय उचलल्यावरही लगेच सोडलं नाही. नत्थूने मनात आकडे म्हटले, एक, दोन, तीन, तेव्हा कुठे कट् झालं. कारंजाला त्याने गाडी कडुलिंबाखाली नेली नाही. उन्हातच, रूपरावच्या दारासमोर उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं.

अनुसयाबाई लोटा घेऊन बाहेर आली. “या नत्थूभाऊ, बसा. चहा टाकतो.”

“वयनी, चहा नको.”

कडुलिंबावरचे कावळे गप्प झाले. पलीकडच्या ढाब्यावर कुणाच्या तरी हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. अनुसयाबाईने लोटा खाली ठेवला.

“काऊन? आमच्या दुधात पाल पडली काय?”

रूपराव खाटेवर उठून बसला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. “काय झालं बे? घरी कोणी गेलं काय?”

“जाणार हाय,” नत्थू म्हणाला. “मंगळवारी. अकरा जण, माह्यासकट बारा. बसा गाडीत.”

“गाडीत? मी?”

“हो तुमी. आत्ता, गरमच असतानी. अकरा माणसाच्या वजनाची तूर भरली हाय. गाडी थंड झाली का तुमी खरे अन् मी खोटा. पाचदा झालं हे मिस्त्री, पाचदा! पाचही खेपा तुमी मले चहा पाजला.”

“मले उलटी होते बाप्पा,” रूपराव केविलवाणा होऊन म्हणाला.

अनुसयाबाई नत्थूकडे पाहत होती. माणूस चहा नाकारतो आणि इंजिनही बंद करत नाही, या दोन गोष्टी तिने जोडून पाहिल्या. मिस्त्रीपेक्षा तिला ते आधी कळलं.

“तुमी नाई बसत तं मी बसतो,” ती नवऱ्याला म्हणाली आणि दार उघडलं. “सरका.”

रूपराव बसला. एका हातात लिंबू, तोंडावर गमछा, डोळे गच्च मिटलेले. तीस वर्षं ज्याने गाड्यांच्या आतड्यांत हात घातले, तो लसीकरणाला नेलेल्या पोरासारखा दाराला चिकटला होता. दोन मैलांवर लिंबाची साल दातांनी सोलली गेली. घाट उतरून नत्थूने तळाशी गाडी परत फिरवली, आणि चढ सुरू झाला तेव्हा म्हणाला, “डोये उघडा. चाकावर हात ठेवा, माह्या हाताजवळ.”

रूपरावने उघडले. हात ठेवला.

पहिलं वळण नीट गेलं. दुसरंही. इंजिन घुरघुरत होतं, चढावर जोर लावताना ते सगळं अंग उजवीकडे टाकत होतं, ओझं पेलणारा हमाल एका खांद्यावर झुकतो तसं. रूपराव ऐकू लागला होता. त्याने तोंडावरचा गमछा काढला. तिसऱ्या वळणावर नत्थूने चाक डावीकडे घेतलं.

मूठ मिटली.

रूपरावच्या तळव्याला ती कळली. त्याने नत्थूकडे पाहिलं. नत्थूने पाय उचलले. काही झालं नाही. एक. दोन. वरून लाकडाचा ट्रक हॉर्न देत उतरत होता. तीन. चार. दोघांनी मिळून चाक ओढलं, ते भिंतीत बसवल्यासारखं होतं. पांढरे दगड समोर आले. नत्थूने ब्रेकवर पूर्ण उभं राहून अंग टाकलं. सहा क्विंटल तूर मागून येऊन त्यांच्या पाठीवर आदळली आणि अमेरिका थांबली. पुढचा बंपर दगडाला टेकला होता. दगड हलला, दरीकडे कलला, आणि तसाच राहिला. लाकडाचा ट्रक शिव्या देत बाजूने निघून गेला.

रूपराव उतरला. आधी त्याने रस्त्याच्या कडेला जाऊन व्यवस्थित उलटी केली, कारण नेम तो नेम. मग परत आला, बॉनेट उघडलं आणि आत वाकला. वाफ, धग, जळक्या ग्रीसचा वास. खिशातून बिडी काढली आणि फटीशी नेली. बिडी जाईना. ती नळीला टेकली, टोकाशी लाल झाली आणि आपोआप पेटली.

रूपराव त्या पेटलेल्या बिडीकडे बघत राहिला. ओढायचं त्याला सुचलं नाही.

“हँडब्रेक ओढ,” तो म्हणाला. “पहिला गेर टाक. क्लच थोडासाच सोड, अन् रेस दे.”

नत्थूने दिली. थांबलेल्या गाडीत इंजिनाने जोर घेतला आणि उजवीकडे कललं. त्याखालचे रबर, ज्यांना मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात, पाच वर्षांत चिरडून पापडासारखे झाले होते. इंजिन कललं, गरम होऊन फुगलेला, लांबलेला पंजा त्याच्याबरोबर कलला, आणि शेवटची करंगळी येऊन उघड्या दांड्यावर नीट टेकली. जरा थांबली. मग आणखी दाबली गेली. नत्थूने रेस सोडली, तरी ती लगेच उठली नाही. दांड्यावर तिने स्वतःपुरती जागा करून ठेवली होती. चांदीसारखी चकचकीत खाच, अर्धं बोट बसेल एवढी. दांड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ला गेला होता.

गार गाडीत, रिकाम्या गाडीत, कडुलिंबाखाली, दुसऱ्या चहानंतर ही करंगळी शहाण्यासारखी बिडीभर दूर उभी राहत होती. आणि खाच होती दांड्याच्या खालच्या अंगाला, वरून वाकणाऱ्याला न दिसणारी.

“माह्याच हातची नळी,” रूपराव म्हणाला.

नत्थूने इंजिन बंद केलं.

“तू तीनदा सांगतलं मले.”

“पाचदा.”

“पाचदा,” रूपरावने मान्य केलं. मग बॉनेट लावत म्हणाला, “अजून दोनचार खेपा. मंग धरलं नसतं त्यानं. दांडा तुटलाच असता.”

तूर येणाऱ्याजाणाऱ्या एका टेम्पोत गेली. अमेरिका परत कारंजाला आली ती माणसाच्या चालीने, आणि रूपराव पूर्ण वाट तिच्या शेजारून चालत आला, बॉनेटवर एक हात ठेवून. अनुसयाबाई दारात उभी होती. तिने चहा विचारला नाही.

शनिवारची संध्याकाळ आणि रविवारचा सगळा दिवस रूपराव राबत होता. भंगारातल्या तीन गाड्या उलथून त्याने सारख्या मापाचा दांडा काढला. फाउंडेशनचे रबर नवे टाकले. करंगळी कापून काढली आणि नवी नळी रेती भरून वाकवली. या वेळी वळसा एवढा मोठा घेतला, की ती दांड्याच्या वाटेलाच जात नव्हती. दोघांच्या मधे धग अडवायला पत्र्याचा पडदा बसवला. मग सहा क्विंटल वजनाचे दगड गाडीत भरून, नत्थूकडून हायवेवर पळवून आणून, इंजिन फणफणत असतानाच त्याने हात घातला. दोन बोटं भाजली. फटीत अख्खा अंगठा सहज फिरत होता. त्याने तो तीनदा फिरवून पाहिला. नत्थूने पाहिलेलं हे त्याचं सगळ्यात चांगलं काम होतं. पहिला पंजा देखणा होता. हा बरोबर होता.

“मंगळवारी खुशाल जा,” नत्थू घरी निघताना तो म्हणाला. “पण शेठले मीच सांगतो. तू सांगतलं तं ते हसन.”

सोमवारी तो एस.टी.ने आष्टीला आला, वाटेत दोनदा उतरून. अण्णाजी दुकानात गादीवर बसले होते, भागीरथाबाई नारळ मोजत होत्या, नत्थू दाराशी उभा होता. रूपरावने वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना दांडा काढून गादीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. नळी माझी, बिडीचं माप माझं, चहाही माझ्याच घरचा, आणि तुमचा ड्रायव्हर पाच वेळा खरं बोलला.

अण्णाजींनी दांडा उलटसुलट पाहिला. “बरं. झालं ना दुरुस्त?”

“झालं. आता शंभर वर्सं काई होत नाई.”

“मंग झालं तं! माणूस हाय, चुकते.” अण्णाजी मोठ्या मनाने हसले. “नत्थ्या, उद्या साताले काढ गाडी.”

भागीरथाबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला, पुढे येऊन दांडा उचलला आणि खाचेत बोट घातलं. बोट अर्ध्यापर्यंत आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढलं नाही.

“हे माह्या पोराइच्या पायाखाली होतं?”

“बाई, आता ते काढून टाकलं,” रूपराव घाईने म्हणाला. “आता अंगठाभर जागा हाय. मी गरम असतानी पाह्यलं. हे पाहा, बोटं भाजली.”

“मले त्यातलं काई समजत नाई, मिस्त्री. तुमी मांगच्या खेपीलेही पास म्हणलं होतं.”

रूपरावने भाजलेली बोटं मागे घेतली. नत्थूला प्रथमच वाटलं, की त्याने काहीतरी बोलावं, नागपूरची एखादी गोष्ट सांगावी, काहीही. नत्थू स्वतःच म्हणाला, “बाई, आता खरंच काई होत नाई. मी चालवून पाह्यली.”

“तू पाह्यलं असन रे. पण त्या गाडीत माह्या घरचं कोणी बसत नाई,” भागीरथाबाई म्हणाल्या, आणि अण्णाजींकडे पाहिलं. “तुमीबी नाई.”

अण्णाजी बाजारभर कुणाचं ऐकत नसत. पण घरात त्यांचं मत विचारलं जाई तेव्हा ते ठरून गेलेलं असे.

मंगळवारी सगळे एस.टी.ने केळझरला गेले, आर्वी आणि वर्ध्यावरून. अमेरिका दीड महिना दुकानामागे उभी राहिली. जुलैत अमरावतीच्या एका माणसाने ती नेली. त्याला जुन्या गाड्यांचा शौक होता आणि गाडीत पेट्रोल इंजिनच हवं होतं. डिझेल इंजिन आणि त्यासोबतच्या नळ्या त्याने काढून भंगारात दिल्या. रूपरावने बसवलेल्या नव्या नळीवर गाडी एकूण पंचाण्णव किलोमीटर चालली. गाडी राहिली नाही, म्हणून अण्णाजींनी एक ऑगस्टपासून नत्थूला कामावरून काढलं.